यंत्रशाळेतील शृंगार : दृश्यकादंबरीचा एक प्रश्न

दिनांक २२ जानेवारी २०२० रोजी बंगळूर येथे भारतीय अंतराळ संशोधन संघटनेने ‘व्योममित्र’ ही यंत्रमानवी लोकांपुढे आणली. तिला चेहरा आहे, हात आहेत, आवाज आहे. पाय तेवढे नाहीत. तिने आपली ओळख आपणच करून दिली. आकृती स्त्रीची असली, तरी नावातील ‘मित्र’ हा शब्द संस्कृतात स्नेह्याच्या अर्थी नपुंसकलिंगी आहे. नाव ठेवणाऱ्यांच्या हे मनात असो वा नसो, व्याकरणाने आपला अभिप्राय देऊन ठेवला आहे. ज्या शहरात यंत्राला वाणी देण्याचे शास्त्र शिकविले जाते, त्या शहरात त्या यंत्राभोवती, किंवा ते घडविणाऱ्या तरुण-तरुणींभोवती, एखादी प्रेमकथा उभी राहावी अशी अपेक्षा करणे गैर नव्हे. तिचे साधनही तेथे आहे. १९९७ साली याच शहरात राजेश राव यांनी ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ ही संगणकीय खेळांची संस्था काढली व परदेशी खेळांना लागणारी चित्रसामग्री तेथे वर्षानुवर्षे तयार होत राहिली. २०१९ मध्ये ती संस्था ‘रॉकस्टार’ या परदेशी कंपनीने घेतली. हात बंगळूरचे आणि गोष्ट मात्र दुसऱ्याची, अशी ही वाटणी होती.

ती दुसऱ्याची गोष्ट ज्या नव्या वाङ्मयप्रकारातून आज येथील तरुण वाचकापर्यंत पोहोचते, त्याला ‘दृश्यकादंबरी’ म्हणता येईल. हा प्रकार जपानात वाढला. पडद्यावर एक चित्र स्थिर असते, त्याखाली मजकुराच्या दोन-तीन ओळी येतात, पात्राचा आवाज ऐकू येतो, आणि वाचकाने कळ दाबल्याखेरीज पुढची ओळ उमटत नाही. मधूनमधून वाचकापुढे पर्याय ठेवले जातात : नायकाने बोलावे की गप्प राहावे, या मुलीबरोबर घरी जावे की त्या मुलीबरोबर. निवडीप्रमाणे कथेला फाटे फुटतात. पाऊल चुकले तर वाचक जतन करून ठेवलेल्या स्थळी परत जाऊन दुसरा पर्याय घेतो. या प्रकाराचे पुरस्कर्ते त्याचे श्रेष्ठत्व या निवडीतच पाहतात. वाचक येथे साक्षी राहत नाही, कर्ता होतो, असा त्यांचा दावा आहे.

शृंगाराच्या बाबतीत हा दावा तपासून पाहण्यासारखा आहे. योग्य उत्तर दिले की नायिका प्रसन्न होते आणि चुकीचे दिले की दुरावते, अशी रचना असेल, तर नायिका हे एक कुलूप ठरते व प्रेम ही किल्ल्यांची चाचपणी ठरते. विप्रलंभाच्या प्रकारांत आपल्या शास्त्रकारांनी ‘मान’ गणला आहे. रुसणाऱ्या व्यक्तीला स्वतःचे मन असते, म्हणून रुसव्याला किंमत असते. यावर असा आक्षेप येईल की, मान दूर करण्याचे साम, भेद, दान, नति, उपेक्षा व रसांतर असे सहा उपाय धनंजयाने ‘दशरूपका’त दिलेच आहेत, पर्यायांची यादी ती हीच नव्हे काय? आक्षेप चतुर आहे, पण टिकणारा नाही. उपाय सांगणाऱ्याने फळाची हमी दिलेली नाही. सहाही उपाय हरले तर मागे जाऊन पुन्हा आरंभ करण्याची सोय त्या नायकाला नाही. पश्चात्तापाला जागा उरते ती यामुळेच.

यंत्रमानवांची शाळा हे कथास्थळ या दृष्टीने दृश्यकादंबरीला धोक्याचे आहे. तेथे पात्रे दिवसभर आज्ञा देतात व प्रतिसाद घेतात, आणि वाचकही नायिकेशी तेच करीत असतो. कथेतील यंत्र आणि कथेचे यंत्र समोरासमोर येतात. ‘रोबोटिक्स नोट्स’ ही २०१२ साली जपानात प्रसिद्ध झालेली व २०२० साली इंग्रजीत आलेली दृश्यकादंबरी म्हणूनच लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. तिचे स्थळ तानेगाशिमा बेट आहे. जपानचे अंतराळकेंद्र तेथेच आहे, तेव्हा बंगळूरच्या वाचकाला ते फारसे परके वाटू नये. तेथील एका माध्यमिक शाळेत यंत्रमानव-मंडळ आहे. मंडळाला पैसा नाही, सभासद नाहीत. अकिहो नावाच्या मुलीला दूरचित्रवाणीवरील एका कथेतला प्रचंड यंत्रमानव खराखुरा बांधायचा आहे. तिचा बालमित्र काइतो मंडळात नावापुरता आहे व आपल्या खेळात दंग आहे. तिच्या थोरल्या बहिणीपासून विद्यार्थ्यांनी थोडा थोडा बांधत आणलेला सांगाडा गोदामात पडून आहे. लोखंड, गंज, उधारी आणि तुटके सुटे भाग यांचे हे जग लेखकांनी विश्वासार्हपणे उभे केले आहे. लहानपणच्या एका प्रसंगामुळे यंत्रमानवांची भीती बसलेली जुन्ना ही मुलगी त्यात येते, तेव्हा कथा क्षणभर फार खोल जाते.

पर्यायांची योजना मात्र या कादंबरीत अगदी दुबळी आहे. ‘तुईपो’ नावाच्या संदेशफलकावर काइतोने कोणाला काय उत्तर दिले, यावर कथेचे वळण ठरते. पण कोणत्या उत्तराने काय घडले हे वाचकाला कळत नाही. जे कळत नाही त्याला निवड म्हणणे कठीण. शेवटी इतर मुलींच्या वाटा तुडवून अकिहोच्या वाटेवर यावेच लागते. मर्ढेकरांनी कलाकृतीत लयीची जी अपेक्षा केली, ती अशा फाट्यांच्या रचनेत कोठे शोधावी, हा प्रश्न येथे सुटत नाही. तो टाळला जातो.

आणि तरीही ही कादंबरी मनात राहते. त्याचे कारण निवडीत नाही, दुसरीकडे आहे. २०१० साली एका जहाजावर घडलेल्या गूढ घटनेनंतर काइतो व अकिहो या दोघांनाही एक व्याधी जडलेली आहे. काइतोला झटका येतो तेव्हा काळ मंदावतो. अकिहोला येतो तेव्हा काळ तिला टाकून पुढे निघून जातो. एकाच खोलीत बसलेली ही दोन माणसे एकाच क्षणात नसतात. एकाला क्षण लांब होतो, दुसरीच्या हातून तो निसटतो, आणि मधल्या अंतरात थांबून राहणे एवढेच काइतोला करता येते. तो आळशी आहे, तुटक बोलतो, पण तिच्याजवळून हलत नाही. ‘काई’ या तिच्या हाकेत जी जवळीक आहे ती इंग्रजीत अर्धीच उरते. मराठीत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्यात जे घडते, त्यासारखे काही जपानी संबोधनांत असते आणि इंग्रजीचे सरसकट सर्वनाम ते गिळून टाकते. मराठी अनुवादकाला येथे इंग्रजीपेक्षा अधिक काही करता येईल.

दृश्यकादंबरीचे खरे सामर्थ्य येथे हाती लागते. पुढची ओळ वाचकाने कळ दाबल्याशिवाय येत नाही. म्हणजे दोन ओळींमधला विराम वाचकाच्या स्वाधीन असतो. छापील कादंबरीत डोळा पुढे धावतो, नाटकात नट थांबत नाही. येथे एक चेहरा वाचकाकडे पाहत, हवा तितका वेळ, थांबून राहतो. हा प्रकार निवडीची कला म्हणून सामान्य असेल, पण प्रतीक्षेची कला म्हणून त्याला जोड नाही. २००४ सालची ‘प्लॅनेटेरियन’ ही लहानशी दृश्यकादंबरी याचा पुरावा आहे. तिच्यात पर्याय नाहीतच; ती सरळ एका वाटेने जाते. युद्धाने ओस पडलेल्या, सतत पाऊस कोसळणाऱ्या शहरात एका तारांगणाची स्वागतिका यंत्रकन्या तीस वर्षे प्रेक्षकाची वाट पाहत आहे, आणि अखेर येतो तो एक भंगार गोळा करणारा माणूस. ती फार बोलते, पुन्हापुन्हा तेच बोलते, माणसे मेली आहेत हे तिला उमगत नाही. वाचकाला प्रथम तिचा कंटाळा येतो. पुढे वीज जाते, आकाशाचे चित्र विझते आणि काळोखात तिचे निवेदन तेवढे चालू राहते, तेव्हा त्याच कंटाळ्याचे करुणात रूपांतर होते. यंत्र वाट पाहू शकते काय, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न असेल. तिची वाट पाहणे वाचकाला खरे वाटते, हा वाङ्मयाचा निर्णय आहे.

बंगळूरशी निगडित असलेल्या भारतीय लेखनाकडे या कसोटीने पाहिले तर एक चुटपुट लागते. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये अनेक वर्षे अभियंता असलेल्या सुजाता या तमिळ लेखकाने ‘जीनो’ हा यंत्रकुत्रा निर्माण केला. ज्या ‘एंदिरन’ (२०१०) चित्रपटाच्या लेखनाला त्याचा हात लागला होता, त्यात यंत्रमानव आपल्या निर्मात्याच्याच वाग्दत्त वधूवर प्रेम करू लागतो. मागणे करणारे यंत्र तेथे आहे, पण चित्रपटाला धीर नाही. प्रेम नाकारले जाताच मारामारी सुरू होते. मराठीत जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ (१९८६) या कादंबरीचा आरंभ तर बंगळूरजवळच्या गौरीबिदनूर येथेच होतो. जमिनीच्या पोटात एका लुप्त, प्रगत संस्कृतीची पेटी सापडते; तीतील सूचनांवरून शास्त्रज्ञ एक यंत्रमानव घडवितात आणि त्याच्या लहान चणीमुळे, आणि पुराणातील तीन पावलांची आठवण ठेवून, त्याचे नाव वामन पडते. या वामनाला आपल्यासारखे दुसरे हवे आहेत. मराठी कथेतील यंत्राने व्यक्त केलेली ही फार मोठी इच्छा आहे, आणि तिला वंशवृद्धी म्हणावे की एकाकीपण, हे ठरविण्यासाठी लेखकाने एक प्रकरणभर थांबायला हवे होते. नारळीकर थांबत नाहीत. त्यांचा रोख मानवजातीवरील संकटाकडे आहे आणि विवेचनाची त्यांची स्वच्छ, वेगवान शैली एकाकीपणाला वेळ देत नाही. शास्त्रज्ञ लेखकाकडे शृंगाराची मागणी करणे अन्यायाचे होईल. पण जी इच्छा त्यांनी स्वतः पात्राच्या तोंडी घातली, तिचा हिशेब मागणे अन्यायाचे नाही.

यंत्रकन्येवरचे प्रेम हा विषय आपल्याकडे परका नाही, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. तोखारी भाषेत उतरलेल्या ‘पुण्यवंत-जातका’त एका यंत्रकाराची व चित्रकाराची गोष्ट आहे. यंत्रकार पाहुणा आलेल्या चित्रकाराच्या सेवेला लाकडी मुलगी ठेवतो. चित्रकार तिला लाजाळू समजतो, तिच्यावर अनुरक्त होतो आणि अखेर हात धरून ओढतो, तेव्हा ती तुकडे होऊन कोसळते. अपमानित चित्रकार भिंतीवर स्वतःचे फास घेतलेले चित्र काढून यंत्रकाराला फसवितो. दोन कारागिरांच्या या चढाओढीतील मुलीला ती कथा वाचा देत नाही. ती बोलत नव्हती म्हणून चित्रकाराला ती लाजाळू वाटली. बोलणारी, नाकारणारी आणि दोन ओळींमध्ये हवा तितका वेळ पाहत राहणारी अशी ती आज बंगळूरच्या एखाद्या यंत्रशाळेत कोणी लिहावयास घेतली, तर त्या लेखकाला तिचा हात ओढण्याचा पर्याय पडद्यावर ठेवावा की न ठेवावा, हे प्रथम ठरवावे लागेल.