'व्हिजिबिलिटी ३ ते १० मीटर होती' : एका वाक्याची उलटतपासणी

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात, पद्धतीच्या प्रकरणात, एक वाक्य होतं : 'सर्वेक्षणाच्या काळात पाण्याखालील दृश्यमानता ३ ते १० मीटर होती.' गाईडनी त्याच्या बाजूला पेन्सिलीने एकच शब्द लिहिला, 'मग?' तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, त्या प्रकरणातलं सगळ्यात कच्चं वाक्य तेच होतं. उद्या तुम्हीही असं वाक्य लिहाल, म्हणून आज ते उलगडून बघू.

पहिला प्रश्न : पाणी गढूळ कशामुळे? मी भांडुपची. पंपिंग स्टेशनच्या बाजूने ठाणे खाडी बघत वाढले, त्यामुळे 'गढूळ म्हणजे गाळ' हे डोक्यात पक्कं होतं. मालवणच्या खडकांवर मासे मोजायला गेले आणि कळलं, कारणं दोन आहेत. एक गाळ : कर्ली नदीने आणलेला, लाटांनी तळातून उठवलेला. दुसरं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. थंड पाणी नितळ असतं असं आपल्याला वाटतं, पण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर खालून वर येणारं थंड पाणी पोषकद्रव्यं घेऊन येतं, प्लवक फोफावतं आणि पाणी हिरवं होतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही पावसाळ्यात असं पाणी वर येतं, केरळकडे जास्त. माझ्या वाक्यात यातलं काहीच नव्हतं. ३ मीटरचा दिवस गाळाचा होता की प्लवकाचा? प्लवक असेल तर ते खाणारे मासेही तिथे जमू शकतात. म्हणजे पाणीही बदललं आणि मासेही.

दुसरा प्रश्न : मोजलं कसं? मी सेकी तबकडी वापरली होती. आंजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात ती पद्धत तपासली. पांढरी तबकडी होडीतून खाली सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची. स्वस्त आणि सोपी पद्धत आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. पण तबकडी वरून खाली बघते आणि मासे मोजणारा पाणबुड्या आडवा बघतो. पावसाळ्यानंतर नदीचं हलकं, मातकट पाणी वर आणि समुद्राचं स्वच्छ पाणी खाली, असे थर असू शकतात. अशा दिवशी तबकडी लवकर गायब होते, पण तळाशी बरंच लांबचं दिसतं. मी एका दिशेचा आकडा दुसऱ्या दिशेसाठी वापरला होता.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा : या आकड्याने निष्कर्षाचं काय केलं? साधं गणित करा. ५० मीटर लांब, ५ मीटर रुंद पट्ट्यातले मासे मोजायचे, म्हणजे २५० चौरस मीटर. पाणी बिघडलं आणि दोन्ही बाजूंना एकेक मीटरच दिसलं, तर तुम्ही बघितले फक्त १०० चौरस मीटर. मासे सगळीकडे सारखेच असतील तर १०० ऐवजी ४० मोजले जातील. एकही मासा कुठे गेलेला नाही आणि तक्त्यात ६० टक्के घट!

ही घट कागदावरच राहत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, आणि स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला आहे. तुमचा तक्ता उद्या कुणीतरी त्या वादात पुढे करणार. मासे कमी झाले म्हटलं की बोट आधी जाळ्याकडे जातं. गढूळ पाण्याचा दोष ज्याच्या पोटावर येईल, तो तुमचा प्रबंध वाचणारही नाही.

मग करायचं काय? प्रत्येक पट्ट्याच्या सुरुवातीला आणि शेवटी, पाण्याखालीच, टेप धरून आडवं अंतर मोजा. सोबत वेळ, भरती-ओहोटी, उधाण की भांग, हेही लिहा. किती मीटरच्या खाली मोजणी करायची नाही ते आधीच ठरवा, आणि पट्टा इतका अरुंद ठेवा की वाईट दिवशीही पूर्ण दिसेल. यात तोटा आहे : विरळ आणि बुजरे मासे अरुंद पट्ट्यात कमी सापडतात. शिवाय दिसणं काठावर एकदम थांबत नाही, हळूहळू अंधुक होत जातं. म्हणून दृश्यमानतेचा आकडा विश्लेषणातही घ्या.

आणि रद्द झालेले दिवससुद्धा नोंदवा. होडीवाला 'आज पाणी गढूळ आसा' म्हणाला आणि तुम्ही परतलात, तर तीही नोंदच आहे. फक्त नितळ दिवशी उतरलात तर तुम्हाला नितळ दिवसांचेच मासे माहीत होतील.

माझ्या मसुद्यात त्या एका वाक्याच्या जागी आता दीड पान आणि एक तक्ता आहे. नोव्हेंबरमधली 'घट' मात्र मला काढून टाकावी लागली. त्या दिवसांचं आडवं अंतर मी मोजलंच नव्हतं, आणि आता ते मोजता येणार नाही.