‘राजी’ आणि राखीव खेळांचा प्रश्न : कन्सोल-संगणक वादाची एक समीक्षा

प्रस्तावना :

व्हिडिओ गेम हा विषय आपल्याकडील विद्यापीठीय चर्चेत अद्याप फारसा आलेला नाही. आला तरी तो बहुधा व्यसन, दृष्टिदोष वा अभ्यासातील दुर्लक्ष या अंगाने येतो. कथा, चित्र, संगीत, वास्तुरचना आणि खेळाडूची कृती यांचा मेळ घालणारी ही एक स्वतंत्र कलाकृती आहे, या दृष्टीने तिचा विचार क्वचितच होतो. खेळणाऱ्या तरुणांत मात्र एक वाद गेली दोन-अडीच दशके अखंड चालू आहे. कन्सोल श्रेष्ठ की संगणक? हा वाद सहसा चित्राची स्पष्टता, वेग, किंमत आणि सोय यांभोवती फिरतो. प्रस्तुत लेखात या वादाकडे निराळ्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. एखादा खेळ केवळ एकाच कन्सोलसाठी राखून ठेवला जातो, तेव्हा त्या कलाकृतीचे आणि तिच्या रसिकाचे नेमके काय होते, हा येथील मुख्य प्रश्न आहे. त्यासाठी पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने निर्माण केलेल्या ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ या खेळाचा आधार घेतला आहे.

राखीव खेळ : तंत्र की करार?

कन्सोल म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडून किंवा हातात धरून, प्रामुख्याने खेळण्यासाठीच वापरावयाचे यंत्र. सोनीचे प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स आणि निन्टेंडोचे स्विच ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे होत. या व्यवसायाचे गणित समजून घेतल्याशिवाय राखीव खेळांचा अर्थ लागत नाही. कन्सोल अनेकदा अत्यल्प नफ्यावर, प्रसंगी तोटा सोसूनही विकले जाते. खरी मिळकत होते ती खेळांच्या विक्रीतून आणि इतर निर्मात्यांकडून घेतल्या जाणाऱ्या हिश्श्यातून. म्हणून ग्राहकाने आपलेच यंत्र घ्यावे यासाठी अन्यत्र न मिळणारा खेळ हे सर्वांत प्रभावी आमिष ठरते. अशा खेळाला खेळाडूंच्या भाषेत ‘एक्सक्लुझिव्ह’ म्हणतात. येथे त्याला ‘राखीव खेळ’ म्हटले आहे.

अशी राखीवता ही तांत्रिक अपरिहार्यता असते, असा एक समज आहे. काही खेळांबाबत तो खरा आहे. विशिष्ट नियंत्रक वा विशिष्ट रचना डोळ्यांसमोर ठेवून केलेला खेळ दुसरीकडे नेणे कठीण असते. तथापि पुष्कळदा राखीवता ही कराराची निष्पत्ती असते. ‘हेलो’ या खेळाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. १९९९ साली हा खेळ प्रथम अ‍ॅपलच्या व्यासपीठावर दाखविण्यात आला. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची निर्माती संस्था बंजी विकत घेतली आणि २००१ मध्ये तो एक्सबॉक्सचा राखीव खेळ म्हणून अवतरला. संगणकावर तो येण्यास २००३ साल उजाडले. या दोन वर्षांच्या विलंबाचे मूळ तंत्रापेक्षा मालकीच्या बदलात अधिक आहे.

‘राजी’ : कलाकृती आणि तिचे प्रवेशद्वार

‘राजी’ची कथा साधी आहे. असुरांनी मानवांवर पुन्हा आक्रमण केले आहे आणि राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी आपला धाकटा भाऊ गोलू याच्या शोधात निघाली आहे. देवांनी तिची निवड केली आहे. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून तिची कथा उलगडत जाते. राजस्थानातील किल्ले व महाल यांच्या आठवणी जागवणारी वास्तुरचना, पहाडी चित्रशैलीचा रंगसंस्कार आणि कथाप्रसंगांसाठी योजलेला छायाबाहुल्यांचा खेळ ही या कृतीची बलस्थाने आहेत. भिंतींवरील चित्रांपाशी थांबले असता पुराणकथा ऐकू येतात. मंडलाकार चक्रे फिरवून चित्र जुळवताना बहीण-भावाच्या आठवणी उघडतात. कोडे सोडविणे आणि स्मरण करणे या दोन क्रिया येथे एकरूप होतात, आणि ही या खेळातील सर्वांत सुंदर कल्पना म्हणावी लागेल.

दोषही आहेत. युद्धप्रसंगांत तोचतोचपणा येतो. कथा जेथे वेग घेते तेथेच ती अचानक संपते. मूळ आवृत्तीत दुर्गा आणि विष्णू इंग्रजीत बोलतात. हिंदी संवादांची जोड २०२२ च्या सुधारित आवृत्तीत मिळाली. असे असूनही ‘द गेम अवॉर्ड्स’ या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत २०२० साली सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या विभागात या खेळाला नामांकन मिळाले, ही गोष्ट लहान नाही.

आता या कृतीच्या प्रकाशनाचा क्रम पाहू. १८ ऑगस्ट २०२० रोजी ‘राजी’ प्रकाशित झाली ती निन्टेंडो स्विच या एकाच कन्सोलवर. संगणक, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांवर ती १५ ऑक्टोबरला आली. मधल्या ५८ दिवसांची ही मुदतबंद राखीवता होती. या काळात भारतात स्विचची अधिकृत विक्रीव्यवस्थाच नव्हती. ज्याला ते हवे असेल त्याने आयात केलेले यंत्र चढ्या दराने घ्यावे, अशी स्थिती होती. म्हणजे पुण्यात घडलेली, दुर्गा-विष्णूंच्या मुखातून सांगितलेली ही कथा प्रथम उघडली ती पुण्याच्या बाजारात अधिकृतपणे न मिळणाऱ्या यंत्रावर. भंडारा, तुमसर वा साकोलीच्या विद्यार्थ्याची गोष्ट तर दूरच.

याचा दोष निर्मात्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न सफल झाला नव्हता. अशा लहान चमूला एखाद्या मोठ्या कन्सोलच्या व्यासपीठावरून जगापुढे येण्याची संधी मिळाली, तर ती नाकारणे व्यवहार्य नव्हे. राखीवतेमुळे प्रसिद्धी मिळते आणि हजारो खेळांच्या गर्दीत नवख्या कृतीकडे लक्ष वेधले जाते. दोन महिन्यांचा विलंब तो काय, असेही कोणी म्हणेल. परंतु कलाकृतीचे पहिले वाचन, पहिली परीक्षणे आणि पहिला वाद याच काळात आकार घेतात. ज्या समाजाच्या पुराणस्मृतीतून ती निर्माण झाली, तो समाज या पहिल्या वाचनात बव्हंशी अनुपस्थित राहिला. समीक्षेच्या दृष्टीने ही हानी दोन महिन्यांपेक्षा मोठी आहे.

कन्सोलची बाजू

कन्सोलच्या समर्थकांचे म्हणणेही नीट ऐकून घेतले पाहिजे. कन्सोलची क्षमता ठरलेली असते. निर्मात्याला आपली कृती समोरच्याच्या घरी कशी दिसेल हे आधीच ठाऊक असते. मर्यादित साधनांत काम करण्याची ही शिस्त कित्येकदा कलेला उपकारक ठरते. संगणकाबाबत अशी खात्री नसते. कोणाकडे नवे चित्रकार्ड आहे, तर कोणाकडे दहा वर्षांपूर्वीचा कार्यालयीन संच. शिवाय खेळासाठी समर्थ संगणक जुळविण्याचा खर्च कन्सोलपेक्षा अनेकदा अधिक येतो. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये, तर तबकडीविना चालणाऱ्या आवृत्तीची ३९,९९० रुपये होती. त्या रकमेत तेवढ्याच क्षमतेचा संगणक जुळविणे अवघड होते. एकट्या खेळाची तुलना केली तर कन्सोलची बाजू दुबळी नाही.

संगणकाची बाजू आणि विदर्भातील वास्तव

परंतु आपल्याकडे एकट्या खेळासाठी यंत्र घेणारी घरे किती? विदर्भातील सामान्य कुटुंबात संगणक आला तो शिक्षणाचे साधन म्हणून. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावापर्यंत संगणक-वर्ग नेले. नोकरीसाठी उपयोगी म्हणून पालकांनी त्यावर पैसे खर्च केले आणि त्याच संगणकावर मुलांनी खेळही शोधला. सायबर कॅफेत ‘काउंटर-स्ट्राइक’ आणि ‘व्हाइस सिटी’ खेळलेली एक पिढी आज प्राध्यापक झाली आहे. खेळात फेरफार करण्याचे स्वातंत्र्यही संगणकानेच दिले. ‘व्हाइस सिटी’च्या मालिकेतील खेळांच्या मुंबई-पंजाब अशा नावांनी फिरणाऱ्या बदललेल्या प्रती कायद्याच्या चौकटीत बसत नव्हत्या, हे खरे. तरी परक्या खेळावर आपल्या परिसराचा ठसा उमटविण्याची इच्छा त्यांत दिसते, आणि बंद कन्सोलवर या इच्छेला फारसा वाव नाही.

शासनाची दृष्टीही येथे लक्षणीय आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा संगणकावर १८ टक्के, तर कन्सोलवर २८ टक्के कर होता. कराच्या वर्गवारीत कन्सोलचे शेजारी कोण? बिलियर्डचे साहित्य आणि कॅसिनोची टेबले! एकच खेळ, एकच कथा. परंतु एका यंत्रावर तो ज्ञानसाधनाचा सोबती, तर दुसऱ्यावर चैनीचा. संगणक-कन्सोल वादात भारतीय ग्राहकाचा कौल कोणत्या बाजूला झुकला, याची कारणमीमांसा करताना चित्राच्या स्पष्टतेइतकाच या वर्गवारीचाही विचार करावा लागेल.

दरम्यान, २०१६ नंतर स्वस्त झालेल्या मोबाइल इंटरनेटने या दोन्ही पक्षांना मागे टाकले. भंडारा जिल्ह्यातील बहुसंख्य विद्यार्थ्यांचे खेळयंत्र आज हातातील मोबाइल हेच आहे. पुढे ‘राजी’देखील नेटफ्लिक्सच्या माध्यमातून मोबाइलवर आली.

हरवलेले खेळ

राखीवतेचा सर्वांत गंभीर परिणाम काही वर्षांनी दिसतो. २००९-१० च्या सुमारास सोनीच्या पुढाकाराने भारतीय विषयांवरील काही खेळ निघाले. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजचा ‘हनुमान : बॉय वॉरियर’ २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी आला. कबड्डी, विटी-दांडू, पतंगबाजी यांना पडद्यावर आणणारा ‘देसी अड्डा’ त्याच वर्षीचा. मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ २०१० चा. गल्लीतील क्रिकेट हा त्याचा विषय. हे खेळ सोनीच्या यंत्रांपुरते मर्यादित राहिले. प्लेस्टेशन २ चे उत्पादन २०१३ च्या प्रारंभी थांबले. आता जुनी तबकडी, जुने यंत्र आणि चालू स्थितीतील नियंत्रक या तिन्ही गोष्टी जमल्या तरच हे खेळ मूळ रूपात पाहता येतात. कलादृष्ट्या ते सामान्य असतील. तथापि भारतीय बालपणाचे संगणकीय चित्रण करण्याचे ते आरंभीचे प्रयत्न आहेत, आणि त्या नात्याने ते सांस्कृतिक दस्तऐवज ठरतात.

छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर घातले. व्हिडिओ गेमला असे कोणतेही घर नाही. केवळ अंकीय स्वरूपात विकलेल्या खेळांची स्थिती तर अधिक नाजूक आहे. निन्टेंडोने थ्री-डीएस आणि वी-यू या यंत्रांवरील आपले ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केले, तेव्हा तेथे नवी खरेदी अशक्य झाली. संगणकावरील खेळ अमर असतात असे नव्हे. मात्र जो खेळ अनेक यंत्रांवर आहे त्याला वाचण्याच्या वाटाही अनेक असतात.

झाडीपट्टीचा दाखला

या प्रश्नाकडे पाहण्यासाठी आपल्या परिसरातील एक परंपरा उपयोगी पडते. धानाची कापणी आटोपत आली आणि दिवाळी उलटली की भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांत मंडईच्या निमित्ताने झाडीपट्टीची नाटके रंगू लागतात. येथेही तिकीट आहे, करार आहे, मंडळांतील चुरस आहे. हा धर्मादाय उपक्रम नव्हे. परंतु नाटक प्रेक्षकाच्या गावी जाते. आज एका गावी झालेला प्रयोग उद्या दुसऱ्या गावी होतो आणि तिसऱ्या गावच्या मंडळाला तो बोलावण्याचा मार्ग खुला असतो. राखीव खेळाचा क्रम याच्या उलट आहे. तेथे रंगमंदिराचा मालक नाटक अडवून धरतो आणि प्रेक्षकाने आधी रंगमंदिरच विकत घ्यावे अशी अट घालतो. धंदा दोन्हीकडे आहे. मात्र एक धंदा कलाकृतीच्या प्रसारावर उभा आहे, तर दुसरा तिच्या दुर्मिळतेवर.

निष्कर्ष :

१. कन्सोल आणि संगणक यांतील श्रेष्ठत्वाचा वाद निव्वळ तांत्रिक निकषांवर सुटणारा नाही. कृती कोणापर्यंत, केव्हा व कोणत्या अटीवर पोहोचते, हाही तिच्या समीक्षेचा निकष मानला पाहिजे.

२. मुदतबंद राखीवता लहान निर्मात्याला आधार देऊ शकते; म्हणून तिचा सरसकट निषेध योग्य नाही. कायमची राखीवता मात्र कृतीचे आयुष्य यंत्राच्या आयुष्याशी बांधून टाकते.

३. खुद्द उद्योगातच ही भिंत खचू लागली आहे. सोनीने ‘होरायझन झीरो डॉन’ २०२० मध्ये व ‘गॉड ऑफ वॉर’ २०२२ मध्ये संगणकावर आणला. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये आपले काही खेळ प्रतिस्पर्ध्याच्या कन्सोलवर दिले. ज्या ‘हेलो’पासून एक्सबॉक्सची राखीवता सुरू झाली, त्याची नवी आवृत्तीही प्लेस्टेशनवर आणण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली. ज्याला तंत्राची मर्यादा म्हटले जात होते, तो व्यापारी निर्णय होता, याला यातून पुष्टी मिळते.

४. महाराष्ट्रात निर्माण झालेल्या खेळांचे जतन ही आपल्या ग्रंथालयांची आणि माध्यम-अभ्यास विभागांची जबाबदारी आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयात ‘राजी’ची संगणकावरील प्रत, ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ची तबकडी आणि एक चालते प्लेस्टेशन २ असणे ही चैन मानली जाऊ नये. मराठी बोलपटाच्या आरंभकाळातील कित्येक चित्रफिती आपण वेळीच न सांभाळल्यामुळे कायमच्या गमावल्या. व्हिडिओ गेमच्या बाबतीत ते टाळण्याइतका अवकाश अजून आपल्या हाती आहे.