रहस्यपट आणि राजा परांजपे

राजा परांजपे (१९१०–१९७९) हें नांव निघतांच 'लाखाची गोष्ट' व 'पेडगांवचे शहाणे' (दोन्ही १९५२) यांतील हास्यच प्रथम आठवतें. परंतु रहस्यपटाच्या प्रांतांतहि त्यांचा अधिकार केवढा होता, याची साक्ष 'पाठलाग' (१९६४) देतो. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. पत्नीच्या मृत्यूचा शोक ज्याच्या मनांतून ओसरला नाहीं, अशा पुरुषासमोर आरोपी म्हणून उभी राहिलेली स्त्री 'मीच तुमची पत्नी' असें सांगते. येथें प्रश्न गुन्हेगार कोण, हा नव्हे. जिच्यावर प्रेम केलें तिला आपण खरोखर ओळखत होतों काय, हा आहे. भय बाहेरच्या अंधारांतून येत नाहीं, तर संसारांतील खासगी आठवणींतून येतें. ही परांजपे यांची खरी कमाई होय. जुळ्या बहिणींचा उलगडा मात्र मला उणा वाटतो. इतक्या खोल प्रश्नास योगायोगाचें उत्तर पुरत नाहीं. तथापि राज खोसला यांनीं हीच कथा 'मेरा साया' (१९६६) या नांवानें हिंदींत नेली, ती त्या उलगड्यासाठीं खास नव्हे. उत्तर ठाऊक असूनहि 'पाठलाग' पुन्हा पाहावासा वाटतो, याचें श्रेय त्या प्रश्नाकडेच जातें.