सिस्टेमिक स्क्लेरोसिसचे प्रारंभिक निदान : निकषांची एक चिकित्सा

एखाद्या रोगाला एकदा नाव मिळाले की पुढील कित्येक पिढ्यांची दृष्टी त्या नावाने आखून दिलेल्या वाटेनेच जात राहते. 'स्क्लेरोडर्मा' ही संज्ञा या गोष्टीचे ठळक उदाहरण होय. कठीण आणि त्वचा या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ती बनलेली आहे. नेपल्स येथील वैद्य कार्लो कुर्त्सिओ यांनी १७५३ मध्ये एका तरुणीच्या लाकडासारख्या टणक झालेल्या त्वचेचे वर्णन प्रसिद्ध केले. १८४७ मध्ये फ्रान्समधील जिंत्राक यांनी त्या विकाराला 'स्क्लेरोदर्मी' हे नाव दिले. पुढे १८६२ मध्ये मोरीस रेनो यांनी आपल्या प्रबंधात हातापायांच्या बोटांतील रक्तप्रवाह आवळला जाण्याच्या विकाराचे विवेचन केले. परंतु तो विकार आणि त्वचेचे काठिण्य यांतील नाते वैद्यकाच्या ध्यानी यावयास बराच काळ जावा लागला. १९४५ मध्ये केपटाउन येथील गोएट्झ यांनी फुप्फुस, हृदय, अन्ननलिका इत्यादी अंतर्गत इंद्रियांनाही रोग ग्रासतो हे ध्यानात घेऊन 'प्रोग्रेसिव्ह सिस्टेमिक स्क्लेरोसिस' ही अधिक व्यापक संज्ञा सुचविली. नाव बदलले खरे; तथापि त्वचा हाच रोगाचा मुख्य साक्षीदार मानण्याची सवय मात्र सुटली नाही. या रोगाच्या प्रारंभिक निदानासंबंधी गेल्या चार दशकांत जे निकष मांडले गेले, त्यांची चिकित्सा याच सवयीच्या संदर्भात करणे इष्ट ठरते.

प्रथम रोगाचा स्वाभाविक क्रम पाहिला पाहिजे. सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये तीन प्रक्रिया गुंतलेल्या असतात : सूक्ष्म रक्तवाहिन्यांची हानी, प्रतिकारसंस्थेचा विपर्यास आणि ऊतकांची तंतुमयता. यांपैकी पहिल्या दोन प्रक्रियांची चिन्हे बहुधा आधी दिसतात. थंडीने अथवा मनःक्षोभाने बोटे पांढरी, मग निळी आणि शेवटी लाल होणे हे रेनोचे लक्षण होय. नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेच्या घडीतील केशवाहिन्या फुगणे, तेथे सूक्ष्म रक्तस्राव होणे आणि पुढे काही भाग केशवाहिन्यांविना ओसाड पडणे हे दुसरे चिन्ह. रक्तात सेंट्रोमिअर, टोपोआयसोमरेज-१ अथवा आरएनए पॉलिमरेज-३ यांविरुद्धची स्वप्रतिपिंडे आढळणे हे तिसरे. त्वचेचे काठिण्य यांच्यानंतर येते. रोगाच्या मर्यादित प्रकारात रेनोचे लक्षण आणि काठिण्य यांत अनेक वर्षांचे अंतर असू शकते. विसरित प्रकारात हे अंतर अल्प असते, आणि अंतर्गत इंद्रियांवरील आघातही पहिल्या काही वर्षांतच होण्याचा संभव अधिक असतो. म्हणजे ज्या रुग्णाच्या बाबतीत घाई सर्वांत आवश्यक, त्याच्याच बाबतीत वैद्याच्या हाती असलेला काळ सर्वांत तोकडा असतो.

अमेरिकन र्‍हुमॅटिझम असोसिएशनने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेले निकष या क्रमाच्या उलट दिशेने उभे होते. बोटांच्या मुळाच्या सांध्यांपलीकडे पसरलेले त्वचाकाठिण्य हा त्यांतील एकमेव प्रमुख निकष होता. तो नसल्यास बोटांचे काठिण्य, बोटांच्या टोकांवरील खळगेवजा व्रण आणि फुप्फुसांच्या तळाशी दिसणारी तंतुमयता या तीन गौण निकषांपैकी दोन आवश्यक मानले गेले. रेनोचे लक्षण, केशवाहिन्या आणि प्रतिपिंडे यांना त्यांत स्थानच नव्हते. हे निकष मांडताना त्यांची संवेदनक्षमता शेकडा ९७ व विशिष्टता शेकडा ९८ असल्याचे दाखविण्यात आले होते. पुढे २०१३ मध्ये नव्या निकषांच्या पडताळणीसाठी निवडलेल्या रुग्णसमूहावर हेच निकष लावले, तेव्हा ते आकडे अनुक्रमे ७५ आणि ७२ वर उतरले. निकष तेच, बदलला तो रुग्णसमूह. संवेदनक्षमता हा निकषाचा अंगभूत गुण नसून निकष आणि रुग्णसमूह यांच्या संबंधाचा गुण आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. पूर्ण विकसित रोग ओळखण्यात यशस्वी ठरलेले माप उगवत्या रोगासाठी वापरले गेले की त्याची उणीव उघडी पडते.

ही उणीव लरॉय आणि मेड्सगर यांनी २००१ मध्ये नेमकी हेरली. रेनोचे लक्षण वस्तुनिष्ठ रीतीने सिद्ध झालेले असेल आणि त्यासोबत केशवाहिन्यांतील विशिष्ट बिघाड अथवा विशिष्ट प्रतिपिंडे यांपैकी एक गोष्ट आढळत असेल, तर त्वचा कठीण होण्याची वाट न पाहता रोगाचे अस्तित्व मान्य करावे, अशी त्यांची भूमिका होती. तिला २००८ मध्ये भक्कम आधार मिळाला. माँट्रियल येथील कोएनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनोचे लक्षण असलेल्या ५८६ रुग्णांचे दीर्घकाळ अनुगमन केले. त्यांपैकी शेकडा १२.६ जणांना निश्चित स्वरूपाचा सिस्टेमिक स्क्लेरोसिस झाला. परंतु प्रारंभीच केशवाहिन्यांतील बिघाड आणि विशिष्ट प्रतिपिंडे ही दोन्ही चिन्हे असणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ७९.५ होते, दोन्ही नसणाऱ्यांत अवघे १.८. अनुमानाला इतका स्पष्ट आधार वैद्यकात सहसा मिळत नाही.

या पार्श्वभूमीवर अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजी आणि युरोपियन लीग अगेन्स्ट र्‍हुमॅटिझम यांनी २०१३ मध्ये संयुक्तपणे मांडलेल्या निकषांकडे पाहिले पाहिजे. त्यांची प्रगती निर्विवाद आहे. रेनोचे लक्षण, केशवाहिन्या आणि प्रतिपिंडे या तिहींना त्यांनी प्रथमच अधिकृत स्थान दिले, आणि पडताळणीत त्यांची संवेदनक्षमता ९१ व विशिष्टता ९२ आढळली. परंतु त्यांची गुणपद्धती बारकाईने तपासली असता एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. रोग मान्य होण्यासाठी ९ गुण लागतात. दोन्ही हातांच्या बोटांपासून मुळाच्या सांध्यांपलीकडे गेलेल्या काठिण्याला एकट्यालाच ९ गुण आहेत. रेनोच्या लक्षणाला ३, प्रतिपिंडांना ३ आणि केशवाहिन्यांतील बिघाडाला २. या तिन्हींची बेरीज ८ होते. म्हणजे लरॉय व मेड्सगर यांनी ज्याला रोगी मानले असते आणि माँट्रियलच्या अनुगमनानुसार ज्याला रोग जडण्याची शक्यता पाचांत जवळजवळ चार इतकी ठरते, तो रुग्ण नव्या निकषांच्या उंबरठ्यावर एका गुणाने अडतो. बोटे फुगीर झाली, की त्यांचे २ गुण मिळून तो आत येतो. १९८० चा उंबरठा खाली आला हे खरे; पण तो अजूनही त्वचेच्याच अंगणात आहे.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. वर्गीकरणाचे निकष आणि निदान या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे निकषकारांनी स्वतःच नमूद केले आहे. वर्गीकरणाचा हेतू संशोधनासाठी एकजिनसी रुग्णसमूह निवडणे हा असतो. तेथे काही खरे रुग्ण वगळले गेले तरी चालते, परंतु भलते रुग्ण आत येऊन चालत नाहीत. हा युक्तिवाद तत्त्वतः बिनतोड आहे. व्यवहारात मात्र त्याचे बळ कमी पडते. औषधांच्या चाचण्यांत प्रवेश देताना रुग्ण याच निकषांनी निवडले जातात. त्यामुळे औषधांविषयीचे ज्ञानही प्रामुख्याने ९ गुण ओलांडलेल्या रुग्णांपुरतेच मर्यादित राहते. मग प्रारंभिक अवस्थेत उपचार उपयुक्त ठरतात याला पुरावा नाही, असे म्हटले जाते. पुरावा नसण्याचे एक कारण ती अवस्था चाचणीच्या दारातच अडविली गेली हे आहे, याचा मात्र विसर पडतो.

ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न युरोपात 'व्हेडॉस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पाने केला. २०११ मध्ये तज्ज्ञांच्या मतैक्यातून रेनोचे लक्षण, फुगीर बोटे आणि केंद्रकविरोधी प्रतिपिंडे ही धोक्याची खूण म्हणून निश्चित झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रकल्पाच्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांत निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण २०१३ च्या निकषांपर्यंत पोहोचले. विशिष्ट प्रतिपिंडे आणि फुगीर बोटे ही दोन्ही असणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ९४ च्या आसपास, तर केंद्रकविरोधी प्रतिपिंडे नसणाऱ्यांत ११ च्या आसपास होते. कार्य मोलाचे आहे. तथापि त्याच्या अंतिम कसोटीविषयी प्रश्न उपस्थित होतो. येथे 'प्रगती' म्हणजे २०१३ च्या निकषांची पूर्तता. ८ गुणांवर असलेल्या रुग्णाच्या त्वचेवर विस्फारित सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे ठिपके दिसू लागले, तरी त्याचे २ गुण मिळून तो 'प्रगत' ठरतो. आणि दुसऱ्याच्या फुप्फुसात तंतुमयता सुरू झाली, तर तोही तसाच ठरतो. एकाच्या आयुष्यात विशेष फरक पडलेला नसतो. दुसऱ्याच्या आयुष्याचे वळणच बदललेले असते. गुणसंख्येची वाढ आणि रोगाची वाढ यांची अशी गल्लत झाल्यास भाकित अचूक ठरूनही उपयोगी ठरेलच असे नाही. कोणाला कोणत्या इंद्रियाचा धोका आहे, हा रुग्णाचा खरा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

लवकर निदानाचा पुरस्कार करताना त्याची दुसरी बाजू झाकणेही उचित नव्हे. सर्वसाधारण लोकसंख्येत शंभरांत तीन ते पाच जणांना रेनोचे लक्षण असते, आणि त्यांतील बहुसंख्यांच्या बाबतीत ते निरुपद्रवी असते. केंद्रकविरोधी प्रतिपिंडे निरोगी व्यक्तींतही सापडतात. अशा प्रत्येकाला भावी रुग्ण ठरविल्यास अकारण भयाचे ओझे लादले जाईल. शिवाय या अवस्थेत रोगाची वाटचाल रोखू शकेल असे कोणतेही औषध अद्याप सिद्ध झालेले नाही. फुप्फुसाच्या तंतुमयतेवर मायकोफिनोलेट, २०१९ च्या चाचणीत उपयुक्त ठरलेले निंटेडॅनिब आणि त्यानंतर मान्यता पावलेले टोसिलिझुमॅब ही औषधे हानीचा वेग कमी करतात. गेलेले फुप्फुस परत आणीत नाहीत.

परंतु याच वस्तुस्थितीतून लवकर निदानाची गरजही सिद्ध होते. जे परत मिळविता येत नाही, त्याची राखण वेळीच सुरू करावी लागते. निदानाचे फळ म्हणजे केवळ औषध नव्हे. ठरावीक काळाने फुप्फुसांची कार्यक्षमता आणि हृदयाची प्रतिध्वनी-तपासणी करणे, रक्तदाबावर लक्ष ठेवणे, हीही निदानाचीच फळे आहेत. बोटांची सूज आमवाताची समजून एखाद्या रुग्णास मोठ्या मात्रेत स्टेरॉइड दिले गेले, आणि त्याच्या रक्तात आरएनए पॉलिमरेज-३ विरुद्धची प्रतिपिंडे असली, तर मूत्रपिंडांवरील घातक संकटाची शक्यता वाढते. येथे निदान ठाऊक असणे हाच उपचार ठरतो.

भारतातील वैद्यकीय अध्यापनात या चिकित्सेला आणखी एक परिमाण आहे. २०१३ च्या निकषांनुसार रेनोच्या लक्षणात रंगाचे किमान दोन टप्पे अपेक्षित आहेत. गडद त्वचेवर फिकटपणा आणि निळेपणा सहज ध्यानात येत नाही. तळहात आणि नखांखालील भाग मुद्दाम पाहावा लागतो, आणि रुग्णाला रंगापेक्षा बधिरपणा व वेदना यांविषयी विचारावे लागते. उलटपक्षी भारतीय रुग्णांत वारंवार आढळणारे मीठ-मिरीसारखे ठिपकेदार विवर्णत्व या निकषांत मुळीच नाही. केशवाहिन्यांच्या निरीक्षणासाठी खास उपकरण नसल्यास त्वचारोगतज्ज्ञांजवळील डर्माटोस्कोपनेही प्राथमिक पाहणी करता येते. म्हणजे साधनांच्या अभावापेक्षा पाहण्याच्या सवयीचा अभाव हाच मोठा अडसर आहे.

सारांश, २०१३ च्या निकषांचा दोष ते अपुरे आहेत हा नसून, त्यांच्याकडून ज्या कामाची अपेक्षा केली जाते त्यासाठी ते घडविलेलेच नाहीत, हा आहे. प्रारंभिक निदानाला होय किंवा नाही अशा उत्तराची नव्हे, तर संभाव्यतेच्या पायऱ्या दाखविणाऱ्या मापाची आवश्यकता आहे. आणि त्या मापाची कसोटी गुणांच्या बेरजेवर नव्हे, तर फुप्फुस, हृदय आणि मूत्रपिंड यांच्या पुढील अवस्थेवर घेतली गेली पाहिजे. तोपर्यंत ८ गुणांच्या रुग्णाला रोग नाही असे सांगून घरी पाठविणे अयोग्य, आणि रोग निश्चित आहे असे सांगून भेदरविणेही अयोग्य. त्याला शक्यता समजावून सांगणे आणि पुढील तपासणीची तिथी देणे, हेच या अवस्थेतील प्रामाणिक निदान होय.