गडचिरोलीतील नक्षल भरती आणि शासनाचे प्रतिबंधक धोरण : एक चिकित्सा

तत्कालीन आंध्र प्रदेशातून गोदावरी-प्राणहिता ओलांडून १९८० च्या सुमारास सशस्त्र तुकड्या सिरोंचा परिसरात उतरल्या, तेव्हा माडिया-गोंड गावांना माओ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ठाऊक होता तो जंगलात पाऊल टाकले म्हणून दंड, कोंबडी मागणारा वनरक्षक आणि तेंदूपत्त्याला कवडीमोल दर देणारा ठेकेदार. दलमने दर वाढवून दिला. भरतीची पहिली पायरी तीच होय. त्यानंतर गोंडी गाणी, गावातील संगम आणि शेवटी बंदूक असा क्रम दिसतो. अनेक मुलींच्या बाबतीत मनाविरुद्धच्या विवाहातून सुटका हेही कारण ठरले. सक्ती पुढे आली, प्रारंभी नव्हती. नेमकी हीच बाब शासकीय मांडणीत निसटते.

शासनाने १९९० मध्ये सी-६० पथक उभारले, २००३ मध्ये गावबंदी योजना आणि २००५ मध्ये आत्मसमर्पण योजना आणली. पैकी गावबंदी सर्वाधिक सदोष म्हणावी लागेल. विकासनिधीच्या मोबदल्यात गावाने नक्षलवाद्यांना प्रवेशबंदीचा ठराव करावयाचा. परंतु रात्री दाराशी येणाऱ्या बंदुकीला तोंड द्यावयाचे तेही गावानेच. छत्तीसगडमधील सलवा जुडूमइतकी ही योजना हिंस्र नव्हती, हे मान्य केले पाहिजे. तेथे आदिवासी तरुणांच्या हाती शस्त्रे दिली गेली व २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती पद्धत घटनाबाह्य ठरवावी लागली.

आत्मसमर्पण योजनेचे यश नाकारता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली. तथापि योजना व्यक्तीला परत आणते. ती ज्या गावातून गेली, त्या गावाचा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. तो प्रश्न हाताळला तो वनहक्क कायद्याने. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. दर ठरविण्याची जी सत्ता दलमने बळकावली होती, ती येथे कायद्याने गावाकडे आली. आश्चर्य असे की, या घटनेकडे नक्षलविरोधी उपाय म्हणून क्वचितच पाहिले जाते.

याच्या उलट उदाहरण एटापल्ली तालुक्यातील तोडगट्टा येथे सापडते. खाणींविरुद्ध ग्रामसभांनी २०२३ मध्ये तेथे आठ महिन्यांहून अधिक काळ धरणे धरले. त्यामागे नक्षलवाद्यांची फूस असल्याचे पोलिसांचे म्हणणे होते. नोव्हेंबरमध्ये आंदोलकांच्या झोपड्या पाडण्यात आल्या.