शर्ली : मुलासाठी राखलेलं नाव

वसईत, गोव्यात, मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत शर्ली नावाची एखादी तरी मावशी भेटतेच. नाव इतकं बायकी वाटतं, की ते कधीकाळी पुरुषाचं असेल अशी शंकाही येत नाही. मला ती आली शार्लट ब्राँटेची ‘शर्ली’ (१८४९) वाचताना, तीही वयाच्या पन्नाशीत.

मूळ शब्द गावाचा. जुन्या इंग्रजीत ‘ली’ म्हणजे रानातली मोकळी जागा. डर्बीशर, हॅम्पशर, सरे या परगण्यांत शर्ली नावाची ठिकाणं आहेत. गावावरून आडनाव कसं पडतं हे मराठी वाचकाला सांगायला नको. ‘कर’ तेवढा लागायचा राहिला. पुढचा टप्पा मात्र आपल्याकडे विरळा. इंग्रज सुखवस्तू घरांत आईच्या माहेरचं किंवा घराण्यातलं एखादं आडनाव मुलाला पहिलं नाव म्हणून देत.

कादंबरीतल्या कीलडार जोडप्याला मुलगा हवा होता. लग्नानंतर आठ वर्षांनी झाली मुलगी. मुलाला दिलं असतं तेच घराण्यातलं पुरुषी नाव त्यांनी तिला दिलं. हे वाचताना मला आपल्याकडची नकुशी आठवली. २०११ साली सातारा जिल्ह्यात प्रशासनाने अशा मुलींची समारंभाने नवी नावं ठेवली. इच्छा दोन्हीकडे एकच, मुलाची. पण नकुशीच्या वाट्याला नकार आला आणि शर्लीच्या वाट्याला जमीन. म्हणून तर ती स्वतःला ‘कॅप्टन कीलडार’ म्हणवून घेऊ शकते. नायकाची गिरणी उभी आहे ती तिच्याच जागेत. ती नावाची थट्टा करते, ती मालकिणीच्या तोऱ्यात. ब्राँटेचं खरं धाडस मला इथे दिसतं. (नायिका अकराव्या प्रकरणात येते, तोवर वाचकाने धीर धरावा.) शेवटी मात्र लेखिका कच खाते. तिचं लग्न लावून देते आणि कॅप्टन मवाळ होतो.

या कादंबरीमुळे नाव मुलींचं झालं, असं सर्रास लिहिलं जातं. ते खरं, पण घाईचं. एल. एम. मॉन्टगोमेरीच्या ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’मध्ये (१९०८) शर्ली हे अजून आडनावच आहे, आणि ‘रेनबो व्हॅली’त (१९१९) त्याच अ‍ॅनच्या धाकट्या मुलाचं, मुलाचंच, नाव शर्ली आहे. म्हणजे कादंबरीनंतर सत्तर वर्षांनीही आईचं आडनाव मुलाला देण्याची जुनी वाट बुजलेली नव्हती.

सगळं श्रेय शर्ली टेंपलला देणारेही एक गोष्ट विसरतात. तिचा जन्म १९२८चा. तिच्या आईबापांनी हे नाव ठेवलं, तेव्हा ते मुलींचं म्हणून रुळलेलंच होतं. बालतारका म्हणून ती गाजली १९३४मध्ये. १९३५ आणि १९३६ साली अमेरिकेत मुलींच्या नावांत शर्ली दुसऱ्या क्रमांकावर होतं. लाट आधीची, टेंपलने ती उंच नेली. त्या हजारो पाळण्यांशी कोणाला कीलडारांचा हिरमोड आठवला असेल असं मला वाटत नाही.

पण खुद्द यॉर्कशरमध्ये, ब्राँटे भगिनींच्या हॉवर्थपासून जवळच असलेल्या हॅलिफॅक्समध्ये, १९३० साली एका मुलाला बापाचंच नाव मिळालं : शर्ली क्रॅबट्री. पुढे तो अगडबंब कुस्तीगीर झाला आणि ‘बिग डॅडी’ या नावाने ब्रिटनभर गाजला.