डाळिंबाचे दाणे नक्की किती?

पर्सेफोनीने डाळिंबाचे सहा दाणे खाल्ले, म्हणून ती सहा महिने पाताळात असते. कित्येक लेख यालाच ‘प्राचीन ग्रीक प्रतीक’ म्हणतात. आता मूळ बघा. डिमीटरच्या होमरिक स्तोत्रात हेडीस तिला एकच दाणा भरवतो, आणि मुक्काम वर्षाचा एक तृतीयांश! सहा महिने येतात ते रोमन ओव्हिडकडे. पण त्याच्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये दाणे सात, ‘फास्ती’मध्ये तीन. (एकाच कवीचे दोन आकडे.) म्हणजे दाण्यागणिक महिना हा हिशोब तिन्हीकडे बसतच नाही. स्तोत्रातला दाणा महिने मोजत नाही, तो बांधून ठेवतो: पाताळातलं खाल्लं की परत जावंच लागतं. सहाच्या आकड्यावर ऋतुचक्राचा सिद्धांत रचणारा लेख मला म्हणूनच कच्चा वाटतो.